३००० आरपीएमला झटके, मांडीला चटके

बुडाखाली_आग (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

गाडी दोन सिलिंडरची, ६५० सीसी, लिक्विड कूल्ड, फ्युएल इंजेक्शनवाली. ३१,००० किमी झालेत. मध्यंतरी घरीच मूळचा सायलेन्सर काढून मोकळा लावला आणि जास्त हवा सोडणारा एअर फिल्टर टाकला. आवाज झकास झाला, चालणं बिघडलं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ३५०० आरपीएमवर हात अगदी स्थिर ठेवला तरी गाडी हिंदकळते, जणू कोणी मागून धरतंय आणि सोडतंय. थ्रॉटल पूर्ण बंद करून पुन्हा उघडला की ठसकन धक्का. वर गर्दीत दहा मिनिटं अडकलो की उजवी मांडी भाजून निघते. तापमानाचा काटा मात्र जागेवर असतो. पंखा लागतो, थोड्या वेळाने बंदही होतो.

वाचून एवढं समजलं की कंपनीतूनच या गाड्या लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी; उलट असेल तर रिच) येतात, त्यात मी हवा वाढवून ठेवली. म्हणजे पेट्रोल वाढवलं की झटके आणि चटके दोन्ही जाणार. प्रश्न इतकाच की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इंजेक्टरच्या मध्ये बसणारा फ्युएल कंट्रोलर घ्यावा, की थेट ईसीयू रीमॅप करावा, म्हणजे त्यातले पेट्रोल-ठिणगीचे तक्तेच बदलून घ्यावेत? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चेन_बघितली_का

चेन बघितली का?

बुडाखाली_आग

चेनचा इथे काय संबंध? इंजिनाबद्दल विचारतोय.

चेन_बघितली_का

बघा तर.

जुना_कार्बोरेटर

आमच्या वेळी एक मोठं जेट टाकलं, सुई एक खाच वर घेतली, काम फत्ते. आता गाडीला झटका आला तरी लॅपटॉप उघडायचा. असो. माझं मत: कंट्रोलर घ्या, सगळीकडे ८ टक्के पेट्रोल वाढवा आणि विषय संपवा. लीन गाडी तापते हे शेंबडं पोरही सांगेल.

लॅम्डा_एक

जुनाभाऊ, शेंबड्या पोराचं म्हणणं अर्धंच खरं आहे आणि तुमचे ८ टक्के गाडी आठवडाभरात परत घेईल. सविस्तर लिहितो.

निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या हिशोबात १ भागाला १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण म्हणजे लॅम्डा १. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारी डबी) याच्याच आसपास राहिलेलं आवडतं, म्हणून कमी थ्रॉटलवर एकसारख्या वेगाने जाताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून मिश्रण तिथे धरून ठेवतो. यालाच क्लोज्ड लूप म्हणतात. साधा नॅरोबँड सेन्सर फक्त हो-नाही सांगू शकतो: ०.४५ व्होल्टच्या वर गेला तर रिच, खाली आला तर लीन. ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतो, सेन्सर म्हणतो रिच, तो कमी करतो, सेन्सर म्हणतो लीन, पुन्हा वाढवतो. ही झुलवाझुलवी सतत चालू असते. इंजिन भराभर फिरत असलं की जाणवत नाही, पण २५००-३००० ला प्रत्येक स्फोट सुटासुटा लागतो, शिवाय कमी थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये जुना जळका वायूही बराच उरतो. मग हाताला हिंदकळणं कळतं.

आता तुम्ही कंट्रोलर लावून ८ टक्के वाढवले. सेन्सर ओरडणार, 'रिच झालं!' ईसीयू निमूटपणे ८ टक्के कापणार, आणि हे कापणं काही दिवसांत कायमच्या हिशोबात, म्हणजे लाँग टर्म ट्रिममध्ये, लिहून ठेवणार. बहुतेक गाड्यांत हा हिशोब ओपन लूपलाही, म्हणजे ईसीयू सेन्सरचं न ऐकता ठरलेल्या तक्त्यावर चालतो तेव्हाही, लागू होतो. म्हणजे जिथे झटके आहेत तिथे फरक शून्य आणि पूर्ण थ्रॉटलला भलतंच काहीतरी. म्हणून असे कंट्रोलर विकणारे सोबत सेन्सरचा एलिमिनेटर (सेन्सरच्या जागी जोडायचं बूच) देतात किंवा सेन्सरचा सिग्नल सरकवणारी वेगळी डबी देतात.

तापण्याबद्दल रात्री लिहितो, ते लांबण आहे.

तारेवरची_कसरत

याहून स्वस्त युक्ती आहे. इनटेक हवेच्या तापमानाच्या सेन्सरला एक रेझिस्टर जोडायचा. ईसीयूला वाटतं बाहेर कडाक्याची थंडी आहे, दाट हवा येतेय, तो आपणहून पेट्रोल वाढवतो. मी केलंय, गाडी पळते.

वंगणमहर्षी

पळते, कारण पूर्ण थ्रॉटलला ओपन लूप असतो आणि तिथे तुमची थापेबाजी चालून जाते. क्रूझिंगला क्लोज्ड लूप ती उलटवून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे कित्येक ईसीयू याच सेन्सरवरून इग्निशनचं टायमिंगही ठरवतात. हवा गरम असली की नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) टाळायला ते टायमिंग मागे घेतात, म्हणजे ठिणगी उशिरा देतात. तुम्ही खोटी थंडी वाजवलीत तर ऐन उन्हाळ्यात चढावर ही राखण निघून जाते. पिस्टनच्या डोक्याला भोक पडल्यावर रेझिस्टर फार महाग वाटतो.

धागाकर्ते, तुम्हाला माझे तीनच प्रश्न. टॅपेट (व्हॉल्व्हची फट, म्हणजे क्लिअरन्स) शेवटचे कधी तपासले? सायलेन्सर बदलताना बेंड पाइपच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी नळी) तोंडाचं पॅकिंग नवं टाकलं होतं का? थ्रॉटल बॉडी सिंक केल्यात का? यांची उत्तरं आल्याशिवाय एक पैसाही खर्चू नका. बिघडलेल्या गाडीवर मॅप बनवला तर तो बिघाडाचाच मॅप होतो.

बुडाखाली_आग

टॅपेट: गाडी घेतल्यापासून नाही. पॅकिंग: जुनंच होतं, चांगलं दिसत होतं. सिंक: म्हणजे काय?

आणि एक कबुली. चेन बघितली. ढील ५० मिमीच्या वर निघाला, पुस्तिकेत ३० च्या आसपास आहे. थ्रॉटल केबललाही हँडलवर बोटभर मोकळी चाल होती. दोन्ही नीट केलं. बंद-चालूचा तो ठसका निम्म्याहून जास्त गेला. हिंदकळणं आणि मांडी तशीच आहे.

चेन_बघितली_का

:)

लॅम्डा_एक

उरलेला ठसका बहुधा फ्युएल कटचा असेल. उतारावर किंवा ब्रेक मारताना थ्रॉटल पूर्ण बंद आणि आरपीएम वर असले की ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो. पेट्रोल वाचतं, उत्सर्जन घटतं. पुन्हा थोडासा थ्रॉटल दिला की इनटेकच्या कोरड्या पडलेल्या भिंती आधी ओल्या होतात, मग सिलिंडरला पेट्रोल पोहोचतं. तोवर एक-दोन स्फोट हुकतात, नंतर एकदम सगळं लागू होतं. त्या धक्क्याला चेनचा ढील आणि मागच्या चाकातली झिजलेली कुश रबरं मिळाली की तुमचा 'ठसकन'.

आता राहिलेलं. 'लीन म्हणजे गरम' याबद्दल.

एक्झॉस्टमधल्या वायूचं तापमान साधारण लॅम्डा १ च्या आसपास सर्वांत जास्त असतं. तिथून रिचकडे गेलात तरी उतरतं, लीनकडे गेलात तरी उतरतं. सिलिंडर हेडचं तापमान मात्र किंचित रिच बाजूला टोक गाठतं, विमानांची पिस्टन इंजिनं चालवणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. म्हणजे १४.७ वरून १३.७ वर आलात तर बेंड पाइप थोडा थंड होईल, पण हेड थंड होईलच असं नाही. खरोखर थंडावा यायला पूर्ण थ्रॉटलला लागतं तसं १२.५-१३ पर्यंत जावं लागतं, आणि क्रूझिंगला तसं चालवलं तर पेट्रोल फुकट, प्लग काळे आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढणार.

मग कंपनीची गाडी एवढी का भाजते? माझ्या मते पेट्रोलपेक्षा टायमिंग जास्त जबाबदार. कमी आरपीएम, कमी थ्रॉटलला बऱ्याच मॅपमध्ये ठिणगी मुद्दाम उशिरा दिलेली असते. आवाज आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात, कॅटॅलिटिक लवकर तापून कामाला लागतो. उशिरा ठिणगी म्हणजे उशिरा जळणं, पिस्टन खाली निघून गेला तरी वायू अजून पेटलेलाच. जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती पाइपमध्ये जाते, आणि तो पाइप तुमच्या नडगीपासून वीतभर अंतरावर. तक्त्यातल्या हलक्या लोडच्या खान्यांत ३-४ अंश ॲडव्हान्स वाढवला, म्हणजे ठिणगी तेवढी आधी दिली, तर पाइप थंड होतो आणि त्याच वेगाला थ्रॉटलही कमी लागतो. हे साध्या फ्युएल कंट्रोलरने होत नाही. तो फक्त इंजेक्टर किती वेळ उघडा राहील एवढंच बदलतो.

पूर्ण थ्रॉटलचं टायमिंग मात्र डायनो (जागेवरच गाडी पळवून ताकद मोजायचं यंत्र) आणि नॉकिंग ऐकायची सोय असल्याशिवाय कोणी हलवू नये. तिथे बोनस काही नाही, शिक्षा मोठी.

(वाढवला याचा अर्थ आंधळेपणाने वाढवला असा घेऊ नये. एका ठिकाणी ३ अंश चालले म्हणून सगळ्या टेबलात ३ अंश ओतणारे महाभाग पाहिलेत.)

थंडा_घ्या

वाचनखूण साठवली. माझा छोटा प्रश्न: थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? आणि एक नंबर थंड प्लग टाकला तर?

वंगणमहर्षी

दोन्हीला नाही.

थर्मोस्टॅट काढलात तर इंजिन धड तापणारच नाही. कूलंट सेन्सर थंड दिसला की ईसीयू गाडी अजून गरम होतेय असं धरून पेट्रोल जादा देत राहतो, क्लोज्ड लूपमध्ये उशिरा जातो. ऑइलमधली वाफही उडत नाही. आणि खऱ्या गरमीत, म्हणजे गर्दीत, उपयोग शून्य, कारण तेव्हा तो पूर्ण उघडाच असतो. तिथे लागते ती रेडिएटरमधून जाणारी हवा: वाकलेल्या जाळ्या सरळ करा, चिखल मागच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने काढा, पंखा बरोबर दिशेने फिरतोय हे बघा. पंख्याची वायर उलटी जोडलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. पंखा अगदी इमानदारीत रेडिएटरची हवा उलट्या बाजूला फेकत होता. रेडिएटरचं झाकणही तपासा. साधारण १.१ बारचं झाकण दाब धरत असेल तर कूलंट १२० अंशांच्या पुढे जाऊन उकळतो. त्याचं रबर कडक झालं की पुष्कळ आधी.

प्लगच्या नंबराने इंजिन थंड होत नाही, फक्त प्लगचं टोक थंड राहतं. फार थंड राहिलं तर त्यावरची काजळी जळत नाही आणि मिसिंग सुरू. एक सावधगिरी: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एकाचा नंबर बघून दुसऱ्याचा प्लग घेणाऱ्यांची फजिती ठरलेली.

बुडाखाली_आग

मोठा अपडेट. शनिवार-रविवार गॅरेजातच गेला.

१. टॅपेट. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ०.१४ मिमीवर निघाला, माझ्या पुस्तिकेत किमान ०.२१ आहे. बाकीचे कडेकडेला होते. शिम (फट ठरवणाऱ्या चकत्या) बदलून सगळे मध्यावर आणले.

२. पॅकिंग. वंगणमहर्षी, साष्टांग. थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाशी फडका दाबला तर दुसऱ्या सिलिंडरच्या बेंड पाइपच्या तोंडातून स्पष्ट फुसफुस. खोललं तर पॅकिंगला काळी रेघ. दोन्ही नवी टाकली.

३. रीडर जोडून ट्रिम बघितला. आधी लाँग टर्म +१४ टक्के होता. पॅकिंग बदलून दोन दिवस फिरवल्यावर +३. हे काय झालं? पेट्रोल तर मला वाढवायचं होतं!

लॅम्डा_एक

झालं असं की तुमची गाडी लीन नव्हतीच. गळतीतून एक्झॉस्ट बाहेर येतो तशी प्रत्येक ठोक्यामागच्या ओढीने बाहेरची हवा आतही जाते. सेन्सर पुढे बसलेला, त्याला ऑक्सिजन दिसला, त्याने लीन सांगितलं, ईसीयूने पेट्रोल ओतलं. गाडी गरजेपेक्षा ११ टक्क्यांच्या आसपास जादा पीत होती आणि तुम्ही तिला अजून पाजायला निघाला होतात. प्लग काळे होते ना?

बुडाखाली_आग

कोळशासारखे. मला वाटलं जुने झालेत.

वंगणमहर्षी

आणि आखडलेला तो टॅपेट. व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये उतरते. क्लिअरन्स कमी म्हणजे टेकायला वेळ कमी, व्हॉल्व्ह जास्त गरम, आणखी लांबतो, क्लिअरन्स आणखी घटतो. शेवटी कड जळते. वेळेत सापडला. आवाज करणारा टॅपेट लोक लगेच दाखवायला आणतात, मुका टॅपेट कोणी आणत नाही. खरा वैरी मुका.

आता सिंक, म्हणजे दोन्ही सिलिंडरच्या थ्रॉटल बॉडींतून सारखी हवा जाईल असं करणं. गाडी पूर्ण गरम करून दोन्ही इनटेकच्या नळ्यांना व्हॅक्यूम गेज लावा. आयडलिंगला दोन्ही काटे सारखे यायला हवेत. नाही आले तर फक्त एअर बायपास स्क्रू फिरवा. रंगाची खूण केलेला थ्रॉटल प्लेटचा स्टॉप स्क्रू असतो, त्याला हात लावायचा नाही. कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून बसवलेला असतो, एकदा हलला की सगळ्या हिशोबाचा पायाच हलला. मधून मधून रेस देऊन काटे एकत्र चढतात का तेही बघा. आणि इनटेक रबरांवर पाण्याचा बारीक फवारा मारा, आयडलिंग बदललं तर तिथून हवा ओढतेय. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारून हेच तपासणारे शूर लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

जुना_कार्बोरेटर

सिंक आम्हीही करायचो हो. पाऱ्याच्या नळ्या असायच्या. एकदा रेस जास्त झाली आणि पारा इंजिनाने गिळला. असो.

बुडाखाली_आग

सिंक केलं. एका बाजूला व्हॅक्यूम बराच जास्त होता. आता हँडलचं थरथरणं एवढं कमी झालंय की आरशात मागच्या गाड्या दिसतात. हिंदकळणं ७०-८० टक्के गेलं. ३००० च्या आसपास अगदी बारीक झुलवा उरलाय, तो तुम्ही म्हणता तो क्लोज्ड लूपचाच असावा. सेन्सर काढून एक चक्कर मारली, एफआयचा (फ्युएल इंजेक्शनमधल्या बिघाडाचा) दिवा लागला पण झुलवा गायब. सेन्सर परत जोडला.

मांडी? मांडी भाजतेच आहे.

लॅम्डा_एक

दिवा लागून चाचणी झाली, उत्तम. आता रीमॅप करायला अर्थ आहे. वाइडबँड (हो-नाही ऐवजी लॅम्डाचा आकडाच देणारा सेन्सर) लावून लॉग घ्या: आरपीएम, थ्रॉटल आणि लॅम्डा. सेन्सरचं बूच आडव्यापेक्षा निदान १० अंश वर तोंड करून बसवा, नाहीतर पाइपात साचलेलं पाणी गरम सेन्सरवर पडून तो तडकतो. मोजताना सेकंडरी एअर बंद ठेवा. ती ताजी हवा एक्झॉस्ट पोर्टमध्ये सोडते आणि सगळं वाचन खोटं लीन दाखवते. वाइडबँड पाइपात बसवून वीज न देता गाडी चालवू नका, काजळी धरून मरतो.

आणि १३.७, १४.७ हे आकडे विसरा, लॅम्डात बोला. १० टक्के इथेनॉल असेल तर पूर्ण ज्वलनाचं प्रमाण १४.१ च्या आसपास येतं, इथेनॉल वाढलं की आणखी खाली. मीटर मात्र आतून लॅम्डा मोजून वर १४.७ ने गुणतो, त्याला टाकीत काय आहे ते माहीत नसतं. क्रूझिंगला लॅम्डा ०.९४-०.९६, पूर्ण थ्रॉटलला ०.८७-०.९० इथून सुरुवात करा. क्रूझिंगचं हे ठरवलंत तर त्या पट्ट्यात क्लोज्ड लूप बंद करावा लागेल, आणि मग कॅटॅलिटिकला त्याचं काम नीट जमत नाही. उत्सर्जनाच्या नियमांत ते बसत नाही, हे डोळे उघडे ठेवून ठरवा. मी स्वतःच्या गाडीवर क्लोज्ड लूप ठेवलाय आणि फक्त टायमिंग व फ्युएल कट बदललाय. ९० टक्के फायदा त्यातच मिळाला.

बुडाखाली_आग

तुमचाच रस्ता धरला. क्लोज्ड लूप शाबूत. रीमॅप करणाऱ्याने २० टक्क्यांखालच्या थ्रॉटलला २५००-४५०० मध्ये ३ अंश ॲडव्हान्स दिला, फ्युएल कट थोड्या खालच्या आरपीएमला हळूहळू सोडणारा केला. वरच्या थ्रॉटलला लॉगमध्ये एके ठिकाणी ०.९६ दिसत होतं ते ०.८९ केलं. टायमिंगला तिथे हात नाही.

बेंड पाइपला थर्मोकपल बांधून आधी-नंतर मोजलं. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला साधारण ३० अंशांनी कमी. (आधी इन्फ्रारेड बंदुकीने मोजत होतो, चकचकीत पाइपावर ती वाट्टेल ते दाखवते.) कूलंटचा आकडा जसाच्या तसा, थर्मोस्टॅट आपलं काम करतोय. झुलवा मुद्दाम शोधला तरच सापडतो.

आणि आता मांडीचं. सांगायला लाज वाटते. पॅकिंग बदलताना वंगणमहर्षींनी सांगितलेलं सामान शोधत माळ्यावरचा खोका उघडला, तर त्यात बेंड पाइपचं हीटशील्ड आणि रेडिएटरच्या बाजूचा हवा वळवणारा रबरी पडदा. सायलेन्सर बदलताना काढलेले, परत लावायचे राहून गेलेले. पंख्याची सगळी गरम हवा थेट माझ्या मांडीवर येत होती. परवा लावले.

थंडा_घ्या

=))

जुना_कार्बोरेटर

म्हणजे एवढ्या चर्चेनंतर चार स्क्रू?

बुडाखाली_आग

तीन. चौथा हरवलाय.

चेन_बघितली_का

रीमॅपनंतर चेन पुन्हा बघितली का?

बुडाखाली_आग

३२ मिमी. आज सकाळीच मोजली.